पपांची ट्राम, अब्बाची गाडी



मागच्या अंकात मुलांसाठी काहीतरी लिहा असे संपादकांनी सुचवले होते, म्हणून ही हकीकत लिहायला घेतली. मुलांसाठी म्हणून सुरुवात केली, पण मध्येच म्हाताऱ्या माणसांसारखी भरकटली आहे. सांभाळून घ्या.

२०२५ सालचा शवुओथ आटोपून आम्ही मुलाकडे दुबईला गेलो. (आम्ही म्हणजे कोण कोण, असं लहान वाचक विचारतील. आमच्या वयाच्या बायका एकट्या असल्या तरी आम्हीच म्हणतात. शिवाय या गोष्टीत एकट्याने केलेलं असं फारच थोडं आहे.) मुलगा राहतो त्या भागाला दुबई सिलिकॉन ओएसिस म्हणतात. ओएसिस म्हणजे वाळवंटातली पाण्याची जागा. इथे पाणी नळाचं आणि झाडं नळीच्या पाण्यावरची, पण कॉम्प्युटरच्या कंपन्या मात्र खंडीभर. सात चौरस किलोमीटरच्या जरा वर असा हा इलाखा आहे, त्यात ऑफिसं, कॉलेज, दुकानं आणि बिऱ्हाडं सगळी एकाच ठिकाणी. आमच्या मुलासारखी इंजिनिअर मंडळी तिथे भरपूर. लिफ्टमध्ये मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन सगळे भेटतात, आणि एकदा तर "तुम्ही नगरच्या का?" असं मराठीत विचारणाऱ्या बाईसुद्धा भेटल्या. आम्ही नगरच्या नाही, माझगावच्या. तरी दोघींनी लिफ्टच्या दारात पंधरा मिनिटं काढली.

आम्ही दुबईला गेलो आणि आठवडाभरात, बुधवारी ११ जूनला, मुलगा कामासाठी तीन दिवस इस्राएलला गेला. बेरशेवाला आमच्याच घरी उतरला. आई मुलाच्या घरात आणि मुलगा आईच्या घरात, यावर सून आणि आम्ही हसलो. शुक्रवारी १३ तारखेला पहाटे इराणशी युद्ध सुरू झालं, इस्राएलचं आकाश बंद झालं आणि हसणं तिथेच थांबलं.

नातू अकरा वर्षांचा, नात सात वर्षांची. दोघं बापाला अब्बा म्हणतात. अरब देशांत वडिलांचा दिवस २१ जूनला असतो. नातीच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की घरी स्वतःच्या हाताने कार्ड करा, विकतचं नको. रविवारी संध्याकाळी ती पांढरा कागद घेऊन आली आणि आमच्यासमोर बसली. "आजी, अब्बाला गाड्या आवडतात. गाडीचं कार्ड करायचं. तुला येतं का?"

येतं का? एकसष्ट वर्षांपूर्वी एक केलं होतं आम्ही.

मुलाचं गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. बेरशेवात १९१५ साली बांधलेलं तुर्की रेल्वे स्टेशन आहे. आता तिथे वाफेचं इंजिन उभं करून ठेवलंय, पण याच्या लहानपणी तिथे काहीच नव्हतं. तरी हा तिथे जाऊन बसायचा आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. दुबईला नोकरी मिळाल्यावर पगार किती ते सांगायच्या आधी त्याने आम्हांला फोनवर सांगितलं होतं, "आई, इथली मेट्रो ड्रायव्हरशिवाय चालते!" २००९ साली ९ सप्टेंबरला ती सुरू झाली, तेव्हापासून तशीच. सिलिकॉन ओएसिसला अजून मेट्रो नाही. निळ्या मार्गाचं काम हाती घेतलंय, तीस किलोमीटर, चौदा स्टेशनं, आणि २०२९ च्या ९ सप्टेंबरला तो उघडायचं ठरलंय. या सगळ्या तारखा आम्हांला नातवाकडून पाठ झाल्या. त्याला त्या बापाकडून.

तर कार्ड. गाडी कोणती काढायची यावरून पहिलं भांडण झालं. नातवाला शर्यतीची गाडी हवी होती, मासिकातून कापून. नातीला तो जेवण पोचवणारा डबा हवा होता. २०२३ साली इथल्या सीडर व्हिलाज नावाच्या वस्तीत चाकं लावलेले तीन स्वयंचलित डबे चाचणीसाठी फिरवले होते, ते आपले आपण रस्ता शोधत दारात जेवण आणून द्यायचे. सात वर्षांच्या मुलीला शर्यतीच्या गाडीपेक्षा ते जास्त आवडणारच. आम्ही म्हटलं, दोन्ही नको. अब्बाची स्वतःची गाडी काढा. नातू म्हणाला, "ती? ती तर जुनी आहे. मागे पोचा आलाय." म्हटलं, तो पोचा पण काढायचा. गाड्या आवडणाऱ्या माणसाला सगळ्याच गाड्या आवडतात हे खरं, पण पोचा कसा आला ते ज्या गाडीबद्दल त्याला ठाऊक आहे, ती एकच.

सोमवारी दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये उतरलो. वर रस्त्यावर ऊन चाळिशीच्या पुढे, खाली तळघरात भट्टी. नात वहीत लिहीत गेली आणि नातू सांगत गेला: डावा आरसा सेलोटेपने चिकटवलेला, मागच्या काचेवर वाळूत बोटाने काढलेलं हसरं तोंड, पुढच्या काचेवर सालिकचं स्टिकर, म्हणजे टोलचं, ड्रायव्हरच्या डोक्यावर ऊन अडवायची फळी असते तिच्यामागे तफिलत हदेरेखचा, म्हणजे प्रवासाच्या प्रार्थनेचा कागद. तो कागद आम्हीच दिला होता. मग एक युक्ती केली. टायरवर पातळ कागद घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी घासली, तर टायरची नक्षी कागदावर जशीच्या तशी उठली. मुलांनो, हे करून बघाच, मात्र गाडी उभी आणि बंद असताना आणि मोठं माणूस शेजारी असताना. तो कागद आमच्या कार्डातला रस्ता झाला.

कार्ड करायची रीत थोडक्यात सांगतो. जाड कागद घ्यायचा. तो आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घालायची, नाहीतर घडी फुटते. घडीच्या जागी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने एक रेघ दाबून ओढायची, मग घडी चाकूसारखी येते. चाकं वेगळी कापायची. ती फिरायला हवीत म्हणून पितळी पिना शोधल्या, त्या मिळाल्या नाहीत. मग जुन्या सदऱ्याची दोन बटणं घेतली आणि चाकाच्या मधोमध सुईदोऱ्याने टाचली, फार घट्ट नाही आणि फार सैल नाही. गाठ आम्ही मारली. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्यांनी मारलेल्या गाठी बघितल्या, ती हौस फिटली. चाकं मस्त फिरली.

बाहेरून गाडी आडवी, फिरत्या चाकांची. कार्ड उघडलं की आतून गाडी, आणि तीही मागच्या सीटवरून दिसते तशी. ही कल्पना नातीची. "आम्ही मागेच बसतो ना!" पुढच्या काचेतून टायरच्या नक्षीचा रस्ता, आरशाला लोंबणारी माळ, दोन सीटच्या पाठी. स्टीअरिंग नातवाने काढलं, डाव्या बाजूला, कारण दुबईत आणि इस्राएलमध्ये गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. बुधवारपर्यंत एवढं झालं. डाव्या सीटवर अब्बाचं मागून दिसणारं डोकं काढायचं तेवढं राहिलं.

गुरुवारी १९ तारखेला सकाळी बेरशेवात सोरोका हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं.

सोरोका म्हणजे आमचं सासर-माहेर. तिथे आम्ही तरुणपणी शिकायला लागलो आणि म्हाताऱ्या होऊन बाहेर पडलो. टीव्हीवर काळा धूर दिसत होता आणि आम्ही तो धूर कुठल्या इमारतीतून येतोय हे खिडक्यांवरून ओळखत होतो. शस्त्रक्रियेची जुनी इमारत. तिथले रुग्ण आदल्याच दिवशी दुसरीकडे हलवले होते, म्हणून माणसं वाचली. पण हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी फक्त धूर होता, आणि आमचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर. मुलगा फोन उचलत नव्हता. आमची बिल्डिंग जुनी आहे, घरात ममाद नाही, जिना उतरून तळाच्या मिकलातमध्ये जावं लागतं आणि तिथे फोन लागत नाही. हे आम्हांला पक्कं माहीत होतं. सुनेलाही माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही. पन्नास मिनिटांनी त्याचा निरोप आला: "मी बरा. स्वयंपाकघरातली काच गेली. तुझी तुळस बरी आहे."

संध्याकाळी मुलं कार्ड घेऊन बसली. नात म्हणाली, आता अब्बा काढू. नातवाने पेन्सिल खाली ठेवली. "अब्बाला गाडीत काढायचं नाही."

"का रे?"

"ते गाडीत नाहीत."

सून उठून आत गेली. आम्ही गप्प. मग आम्हांला जुन्या कार्डाची आठवण झाली आणि आम्ही ती मुलांना सांगितली, अर्धी हिब्रूत, अर्धी मराठीत.

आमचे पपा मुंबईत ट्राम चालवत. बेस्टची ट्राम. मुंबईत आधी १८७४ सालापासून घोड्यांची ट्राम होती, १९०७ साली विजेची आली. ड्रायव्हर पुढे उभा राहून एका हाताने हँडल फिरवायचा आणि पायाने घंटा वाजवायचा. दादर टी. टी. म्हणतात ना, त्यातला एक टी ट्रामचाच. आम्ही तिघी बहिणी माझगावला सर एली कदूरी शाळेत जायचो. रस्त्यात ट्रामची घंटा ऐकू आली की पपाच आहेत असं मानून हात करायचो, बहुतेक वेळा दुसराच कोणी असायचा. तोही हात करायचा. पपांचं ट्रामवर एवढं प्रेम की सुटीच्या दिवशी ते आम्हांला फिरायला नेत ते ट्राममध्येच, आणि तिथे पुढे उभं राहून ड्रायव्हरच्या चुका आईला हळू आवाजात सांगत.

१९६४ साली ३१ मार्चला मुंबईची ट्राम कायमची बंद झाली. मंगळवार होता तो, आणि पेसाहचे दिवस. जुनी माणसं ज्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत तो. पपांना बसवर घ्यायचं ठरलं होतं, नोकरीला धक्का नव्हता. पण आठ दिवस ते घरात बोलत नव्हते. आम्ही तिघींनी ठरवलं की पपांना ट्रामचं कार्ड द्यायचं. कार्डाची पद्धत आमच्याकडे नव्हती, शेजारच्या गोवेकर घरात नाताळला कार्डं यायची ती आम्ही बघितलेली. एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली. थोरलीने ट्राम काढली, हुबेहूब, वरच्या दांड्यासकट. आम्ही ट्रामची जुनी तिकिटं जमवली होती, ती भोवताली महिरपीसारखी लावली. चिकटवायला खळ लागते, पण खळ कणकेची किंवा मैद्याची, आणि पेसाहात ती घरात कुठून येणार? भात मात्र आपल्याकडे पेसाहात चालतो. म्हणून भाताची शितं बोटाने दाबून दाबून तिकिटं चिकटवली. धाकटीने अर्धी शितं खाल्ली.

शेवटची ट्राम रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ती काही पपांच्या वाट्याला आली नव्हती, त्यांची पाळी दुपारीच संपली. सगळा मोहल्ला शेवटची ट्राम बघायला रस्त्यावर, आणि पपा घरात खाटेवर. आम्ही कार्ड पुढे केलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. दांडा बघितला, चाकं मोजली, तिकिटांवरचे आकडे वाचले. मग म्हणाले, "छान आहे. पण चालवतंय कोण?"

आम्ही ड्रायव्हर काढायचाच विसरलो होतो. तिघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. थोरली रडायला लागली. पपांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि ट्रामच्या पुढच्या बाजूला एक काडीसारखा माणूस काढला, डोक्यावर टोपी. त्यांना चित्रकला अजिबात येत नव्हती. "हां, आता निघाली," म्हणाले, आणि चप्पल घालून आमच्याबरोबर रस्त्यावर आले.

नातवाने विचारलं, ते कार्ड कुठे आहे? बेरशेवाला, कपाटात वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. अलिया करून आलो तेव्हा पपांनी ते सिद्दूरमध्ये घालून आणलं होतं. तसा आम्ही मुलाला निरोप पाठवला. त्यालाही बरं वाटलं असावं, हाताला काम मिळालं म्हणून. रात्री त्याने फोटो पाठवला. आमची निराशा झाली. शितं किड्यांनी खाल्ली होती आणि शितांबरोबर तिकिटंही, नुसती भोकं आणि पिवळे डाग. (म्हणून सांगतो, मुलांनो, चिकटवायला पांढरा डिंकच घ्या, आणि तोही पातळ पुसून.) थोरलीची पेन्सिलीची ट्रामसुद्धा पुसट झाली होती. फक्त तो निळ्या शाईचा काडीमाणूस ठसठशीत होता.

नातू तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या पपांना तुम्ही काढलं नाही. ते आले आणि स्वतःच बसले."

"तसंच म्हण."

"मग अब्बापण आल्यावर स्वतःच बसतील."

आणि त्याने काय करायचं ते सांगितलं. अब्बा वेगळ्या कागदावर काढायचा, कापायचा, खाली लांब पट्टी ठेवायची. सीटच्या पाठीत एक चीर पाडायची. अब्बा आला की त्याने स्वतःला चिरेत घालायचं. तोपर्यंत तो वेगळ्या पाकिटात. नातीने लगेच अब्बा काढला, मागून, मधोमध टक्कल. टक्कल जरा जास्तच मोठं झालं.

आता घाई होती, कारण २१ जून शनिवार. शब्बाथला लिहिणं नाही, कापणं नाही, चिकटवणं नाही. शुक्रवारी सूर्य सव्वासातच्या आधी मावळतो आणि दिवा त्याच्याही आधी लावायचा. सून स्वयंपाकात, मुलं अंघोळीला, आणि चीर पाडायची राहिलेली. ब्लेड मुलांच्या हाती द्यायचं नव्हतंच. आम्ही चष्मा शोधत बसलो नाही. पट्टी धरली, चीर पाडली, कार्ड मिटलं, फ्रीजवर ठेवलं आणि दिव्याला काडी लावली.

शब्बाथला आम्ही फोनला हात लावत नाही. त्या शनिवारी फोन चालू ठेवून टेबलावर उलटा ठेवला होता. दिवसभर सगळे त्याच्या आजूबाजूला वावरलो. नातीने फ्रीजसमोर उभं राहून दोन वेळा कार्डाला "हॅपी फादर्स डे" म्हटलं.

मंगळवारी २४ तारखेला सकाळी, युद्ध थांबायच्या तोंडावर, बेरशेवातल्या एका इमारतीवर थेट मारा झाला आणि माणसं गेली. आमच्या ओळखीतल्यांची ओळखीतली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, आपल्यापैकी पुष्कळांनी ते जवळून पाहिलं आहे.

मुलगा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला, पहाटे. मुलं जागीच होती. त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. त्याने कार्ड हातात घेतलं, आधी चाकं फिरवली, मग उलट फिरवली, बटणं बघून "हा माझा सदरा!" म्हणाला. पोच्यावर बोट ठेवलं. उघडलं, टायरची नक्षी ओळखली. "ही मागची डावी. मागची डावी जास्त झिजलीय." नातीने पाकिटातला टकला अब्बा काढून त्याच्या हातात दिला आणि कुठे घालायचा ते सांगितलं. त्याने पट्टी चिरेत सरकवली. बरोबर बसली.

मग तो हसायलाच लागला. अब्बा उजव्या सीटवर बसला होता आणि स्टीअरिंग डावीकडे.

पंचावन्न वर्षं डाव्या स्टीअरिंगच्या देशात काढूनही आमच्या हाताने चीर पाडली ती मुंबईच्या टॅक्सीत ड्रायव्हर बसतो त्या बाजूला. नातवाच्या ते शनिवारीच लक्षात आलं होतं म्हणे, पण शब्बाथला काही करता येत नव्हतं, आणि नंतर आजीला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नाही.

"मी तर शेजारच्या सीटवर बसलोय," मुलगा म्हणाला. त्या रात्रीची गोष्ट त्याला आम्ही कधी सांगितली नव्हती, मुलांनाच सांगितली होती. "मग गाडी चालवतंय कोण?"

मुलं आमच्याकडे बघायला लागली. मग नात पळत जाऊन निळं पेन घेऊन आली आणि स्टीअरिंगमागे तिने एक माणूस काढला, अंबाडा आणि चष्म्यासकट. आम्हांला सायकलसुद्धा येत नाही.